विद्युत मोटारीचा जाहीर पल्ला कितपत विश्वसनीय?

पेट्रोलवरील मोटारीसंबंधी मराठी घरात विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हा असे. टाकी एकदा भरली की मोटार किती दूर जाईल, हे कोणी विचारीत नसे; पंप वाटेत कोठेही भेटतो आणि टाकी पाच मिनिटांत भरते. विद्युत मोटारीच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्नच पहिला झाला आहे. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर मोटार जितके अंतर कापते त्याला सर्रास ‘रेंज’ म्हटले जाते; या लेखात त्यासाठी ‘पल्ला’ हा आपला जुना शब्द वापरला आहे. अमेरिकेत विक्रीस असलेल्या प्रत्येक नव्या विद्युत मोटारीच्या काचेवर या पल्ल्याचा अधिकृत आकडा चिकटवलेला असतो. चाळीस-पन्नास हजार डॉलरांचा निर्णय पुष्कळदा त्या एका आकड्याकडे पाहून घेतला जातो, आणि पहिल्याच हिवाळ्यातील पहिल्याच लांबच्या प्रवासात मालकाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते.

तो आकडा खोटा नसतो. तो एका ठरावीक चाचणीचा प्रामाणिक निकाल असतो. परंतु त्या चाचणीत मोटार जशी चालवली जाते तशी ती आपण चालवीत नाही. त्यातही दिलासा असा की, आकडा आणि अनुभव यांतील तफावत लहरी नाही. ती कोणत्या दिशेने आणि साधारण किती पडेल, याचा अंदाज कोणताही सुजाण मालक घरबसल्या करू शकतो. अडचण एवढीच की, रोजच्या ये-जा करण्यात, जिथे पल्ल्याची फिकीर करण्याचे कारणच नसते, तिथे आकडा बहुतांशी खरा ठरतो. आणि थंडीत, महामार्गावर, कुटुंबासह निघालेल्या दीर्घ प्रवासात, म्हणजे नेमकी ज्या दिवशी त्याची गरज असते त्या दिवशी, तो सर्वाधिक कमी पडतो.

आकडा ठरतो कसा?

अमेरिकेत ही चाचणी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजेच ईपीएच्या, नियमांनुसार होते. बहुतेक चाचण्या उत्पादक स्वतः करतात. संस्था त्यांतील काहींची फेरतपासणी करते. मोटार रस्त्यावर जात नाही. प्रयोगशाळेत रोलरवर तिची चाके फिरवली जातात आणि हवेचा व रस्त्याचा विरोध यंत्राद्वारे निर्माण केला जातो. शहरी वाहतुकीचा एक आणि महामार्गाचा एक, असे दोन ठरावीक वेगक्रम बॅटरी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवले जातात. शहरी क्रमाचा सरासरी वेग ताशी २० मैलांहून किंचित कमी आहे. महामार्गाच्या क्रमाचा सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल वेग ६० मैल आहे. ताशी ६० मैलांनी इंटरस्टेटवर जाणाऱ्या मोटारीला आज मागचे ट्रकही हॉर्न देतात, हे वाचकांना सांगावयास नको. चाचणीच्या वेळी तापमान सुखद असते आणि हीटर व एअर कंडिशनर बंद असतात.

हे सर्व आदर्श आहे याची जाणीव नियम करणाऱ्यांनाही आहे. म्हणून मिळालेल्या अंतराला सामान्यतः ०.७ ने गुणले जाते. म्हणजे प्रयोगशाळेत ४३० मैल गेलेल्या मोटारीच्या काचेवर साधारण ३०० मैल छापले जातात. मग शहराला ५५ टक्के आणि महामार्गाला ४५ टक्के वजन देऊन एकच आकडा जाहीर होतो. येथे दोन पळवाटा नव्हे, पण दोन मोकळ्या जागा आहेत. पहिली अशी की, उत्पादकाला अधिक वेगाच्या, उष्ण हवेतील आणि थंडीतील अशा आणखी तीन चाचण्या करून ०.७ ऐवजी स्वतःच्या मोटारीसाठी अधिक अनुकूल गुणक मिळवता येतो. दुसरी अशी की, उत्पादकाला हवे तर मिळालेल्या आकड्याहून कमी आकडा जाहीर करण्याची मुभा आहे. परिणामी दोन कंपन्यांचे ३०० मैल एकाच मापाचे असतील याची खात्री नसते. पोर्शे टायकान टर्बोचा अधिकृत पल्ला सुरुवातीस केवळ २०१ मैल जाहीर झाला होता. पोर्शेनेच नेमलेल्या एका स्वतंत्र चाचणी संस्थेला प्रत्यक्ष रस्त्यावर त्याच मोटारीतून २७५ मैल मिळाले. उलट टेस्लाने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या अनेक मोटारींचे जाहीर आकडे खाली आणले. मॉडेल वायच्या लाँग रेंज आवृत्तीचे ३३० मैल तेव्हा ३१० झाले. मोटार तीच होती, बॅटरीही तीच.

अशा वेळी तुलनेसाठी एक मोजमाप उपयोगी पडते. ‘कार अँड ड्रायव्हर’ हे नियतकालिक अनेक वर्षे प्रत्येक मोटार ताशी ७५ मैलांच्या स्थिर वेगाने महामार्गावर चालवून पाहत आले आहे. त्या नोंदींवर आधारलेला एक शोधनिबंध २०२३ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेकडे सादर झाला. साडेतीनशेहून अधिक पेट्रोल-डिझेल मोटारींनी काचेवरील आकड्यापेक्षा सरासरी ४ टक्के चांगली कामगिरी केली होती. विद्युत मोटारी मात्र सरासरी १२.५ टक्के कमी पडल्या होत्या. आयुष्यभर पेट्रोलची मोटार चालवलेल्या माणसाला ‘महामार्गावर मोटार अधिक ॲव्हरेज देते’ असा अनुभव असतो. विद्युत मोटारीत तो अनुभव उलटा होतो, आणि निम्मा गैरसमज येथूनच उगवतो.

वेगाची किंमत

याचे कारण इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलचे इंजिन सिग्नलवर उभे असतानाही इंधन जाळते आणि कमी भारावर फारच अकार्यक्षम असते. महामार्गावर गेले की ते सुधारते, त्यामुळे वाढलेल्या हवेच्या विरोधाचा खर्च झाकला जातो. विद्युत मोटर कोणत्याही वेगाला जवळपास सारखीच कार्यक्षम असते. शिवाय शहरात ब्रेक दाबताना तिची गती पुन्हा विजेत रूपांतरित होऊन बॅटरीत परतते. महामार्गावर ब्रेकच लागत नाही, त्यामुळे परत मिळवण्यासारखे काही उरत नाही, आणि हवेचा विरोध झाकणारेही कोणी नसते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साधारण दोन टन वजनाची, चांगल्या घडणीची सेडान घेऊन हिशेब केला, तर ताशी ६० मैलांच्या वेगाला १०० मैलांसाठी सुमारे २३ युनिट वीज लागते. वेग ७५ मैल केला की तीच मोटार सुमारे ३० युनिट घेते. (युनिट म्हणजे आपल्या घरच्या बिलातला किलोवॅट-तासच.) वेग चतुर्थांशाने वाढला आणि पल्लाही जवळपास चतुर्थांशाने घटला. उंच एसयूव्ही, छतावर बांधलेली पेटी किंवा मागे लटकवलेल्या सायकली असतील तर घट याहून अधिक. ट्रेलर ओढायचा असेल तर काचेवरचा आकडा विसरून निम्म्याच्या आसपास पल्ला धरावा.

वाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. समोरून ताशी १५ मैलांचा वारा असेल तर ६० मैलांनी जाणारी मोटार हवेच्या दृष्टीने ७५ मैलांनीच जात असते. इलिनॉय-आयोवाच्या सपाट प्रदेशातून जाताना ‘आज मोटारीला काय झाले आहे?’ असे वाटते, त्याचे उत्तर बहुधा बाहेर डोलणाऱ्या गवतात असते.

थंडी

बॅटरी थंडीत ‘कमी होते’ असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. थंड बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो, तिच्यातील काही वीज तात्पुरती हाती लागत नाही आणि ब्रेकमधून परत येणारी वीजही ती पूर्ण स्वीकारीत नाही. उणे १० अंश सेल्सियसची हवा उन्हाळ्यातील हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, म्हणून तिला कापण्याचा खर्चही तितक्याने वाढतो. टायरमधील हवेचा दाबही उतरतो. परंतु सर्वांत मोठा वाटा असतो तो आतल्या माणसांना ऊब देण्याचा. पेट्रोलचे इंजिन इतकी उष्णता वाया घालवते की हीटर फुकट चालतो. विद्युत मोटारीत उष्णता वाया जात नाही, म्हणून ती विकत घ्यावी लागते.

अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच विद्युत मोटारींची चाचणी घेतली. २० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ अंश सेल्सियसला, हीटर बंद ठेवला असता पल्ला सरासरी १२ टक्के घटला. हीटर लावल्यावर ही घट ४१ टक्क्यांवर गेली. ३५ अंश सेल्सियसला एअर कंडिशनर लावला असता घट १७ टक्के होती. आखाती देशांतील वाचकांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. उकाड्याचा भुर्दंड थंडीपेक्षा पुष्कळच हलका असतो, कारण बाहेर ३५ अंश असता मोटार दहा-बारा अंशांनी थंड करणे पुरते, तर बाहेर उणे ७ असता ती सुमारे तीस अंशांनी तापवावी लागते.

४१ टक्के हा आकडा वाचून घाबरण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी: हीटर तासाच्या हिशेबाने वीज खातो, मैलाच्या हिशेबाने नव्हे. समजा तो तासाला ३ युनिट घेतो. ताशी ७५ मैलांनी जाताना मोटार स्वतःच तासाला सुमारे २२ युनिट घेते, तेव्हा हीटरची भर १४ टक्के पडते. तीच मोटार शिकागोच्या गर्दीत ताशी सरासरी २० मैलांनी सरकत असेल तर तिला चालण्यासाठी तासाला ५ युनिट पुरतात आणि हीटरचे ३ त्यावर, म्हणजे तब्बल ६० टक्के. मुलांना शाळेत सोडणे, मग किराणा, मग पुन्हा घरी, अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत तर थंडगार पडलेली मोटार दर वेळी नव्याने तापवावी लागते. त्यामुळे हिवाळ्यात खप सर्वांत वाईट दिसतो तो शहरात, जिथे त्याने काही बिघडत नाही. महामार्गावर दोन तास सलग चालणाऱ्या मोटारीची हिवाळी घट पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या दरम्यान धरली तर सहसा चूक होत नाही.

यावर उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी, मोटार चार्जरला जोडलेली असतानाच, आतील हवा आणि बॅटरी तापवून घ्यावी. ती वीज घराच्या बिलात जाते, पल्ल्यातून नव्हे. गरम होणाऱ्या सीटना हीटरच्या मानाने नगण्य वीज लागते. ज्या मोटारीत हीट पंप असतो ती एका युनिटच्या विजेत दोन-तीन युनिटांची उष्णता बाहेरच्या हवेतून ओढून आणते. मात्र कडाक्याच्या थंडीत त्याचाही जोर ओसरतो. मिनेसोटात आणि टेक्सासमध्ये राहणाऱ्या दोन भावांनी एकच मोटार घेतली तरी हीट पंपासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण एकालाच आहे.

दक्षिण कोरियात थंडीतील पल्ला वेगळा मोजून नोंदवावा लागतो. तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाला २.८५ अब्ज वॉन दंड केला, तो थंडीत पल्ला ५०.५ टक्क्यांपर्यंत घटू शकतो हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. अमेरिकेच्या लेबलवर थंडीसाठी आजही वेगळी ओळ नाही. ती असावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. औषधाच्या बाटलीवर दुष्परिणाम छापणाऱ्या देशाला हे अवघड नाही.

डॅशबोर्डवरचा दुसरा आकडा

काचेवरील आकडा एकदाच वाचला जातो. डॅशबोर्डवरचा रोज दिसतो. तो दोन प्रकारचा असतो आणि आपल्या मोटारीत कोणता आहे हे ठाऊक नसल्याने पुष्कळ घोटाळे होतात. टेस्लामध्ये बॅटरीशेजारी दिसणारे मैल हे अधिकृत खपाच्या दराने काढलेले असतात: बॅटरीत उरलेली वीज भागिले एक ठरावीक दर. आपण कसे चालवतो याचा त्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे ७५ मैलांच्या वेगाने ६० मैल गेल्यावर पडद्यावरचे ७५-८० मैल कमी झालेले दिसतात. इतर बहुतेक मोटारी अलीकडच्या प्रवासातील खप पाहून अंदाज बांधतात. आठवडाभर गावातल्या गावात हळू चालवलेली अशी मोटार शनिवारी सकाळी भरघोस आकडा दाखवते, आणि महामार्गाला लागताच तो भराभर उतरू लागतो. मालक त्याला बॅटरीचा दोष समजतो. वस्तुतः मोटार मागील आठवड्यावरून पुढचा दिवस ठरवत असते.

प्रवासासाठी भरवसा ठेवावा तो मोटारीच्या स्वतःच्या नॅव्हिगेशनवर. पत्ता घातल्यावर ‘पोहोचताना बॅटरी इतके टक्के उरेल’ असे ते सांगते, तेव्हा त्यात वाटेतील चढउतार आणि वेग, आणि कित्येक मोटारींत तापमानही, धरलेले असते. पहिल्या तीस-चाळीस मैलांत हे टक्के स्थिर राहिले तर निर्धास्त असावे. सतत घसरत असतील तर वेग पाच मैलांनी कमी करावा. दुसरा कोणताही उपाय इतका तत्काळ लागू पडत नाही.

चढाचा हिशेब तर शालेय पदार्थविज्ञानाचा आहे. डेन्व्हरहून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सुमारे साठ मैलांत जवळपास १,८०० मीटर चढावे लागते. दोन टनांच्या मोटारीला केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे १० युनिट जादा लागतात. मुंबईहून खोपोलीमार्गे लोणावळ्यापर्यंतची सहाशे मीटरची चढण दीड टनाच्या मोटारीकडून सुमारे अडीच युनिट घेते. उतरताना यातील मोठा भाग परत मिळतो. पण डोंगरमाथ्यावरच राहणाऱ्याने रात्री बॅटरी १०० टक्के भरून ठेवली असेल, तर उतारावर मिळणारी वीज ठेवायला तीत जागाच नसते.

पुण्याचा आकडा, ब्रुसेल्सचा आकडा

आपल्यापैकी अनेकांचा एक पाय परदेशात आणि एक पुण्या-मुंबईत असतो. आई-वडिलांसाठी तिकडे मोटार घ्यावयाची झाली की आकड्यांची तुलना सुरू होते. ती सावधपणे करावी. भारतातील जाहीर पल्ल्याला बोलीत ‘एआरएआयचा आकडा’ म्हणतात. पुण्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ही संस्था निदान तिच्या टेकडीमुळे तरी परिचित असेल. भारतीय चाचणीच्या वेगक्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे ५६ मैल आहे. युरोप आणि ब्रिटनमध्ये लागू असलेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत तो १३१ किलोमीटरपर्यंत जातो, तरी तिचा सरासरी वेग ४६.५ किलोमीटरच आहे आणि ०.७ सारखा कोणताही गुणक नाही. त्यामुळे एकाच मोटारीचा युरोपीय आकडा अमेरिकेतील आकड्यापेक्षा सहसा मोठा, आणि भारतीय आकडा त्याहूनही मोठा असतो.

ह्युंदाई आयोनिक ५ चे उदाहरण बोलके आहे. ७२.६ युनिटांची बॅटरी आणि मागील चाकांना गती, अशा आवृत्तीचा युरोपातील पल्ला सुमारे ४८० किलोमीटर होता. त्याच क्षमतेच्या बॅटरीसह ती भारतात आली तेव्हा जाहीर आकडा ६३१ किलोमीटर होता. अमेरिकेत तर ७७.४ युनिटांची मोठी बॅटरी असूनही लेबलवर ३०३ मैल, म्हणजे ४८८ किलोमीटर होते. पुण्यातील मोटार अधिक चांगली नव्हती. पुण्यातील प्रश्नपत्रिका सोपी होती. भारतीय उत्पादकांनाही हे जाणवू लागले आहे. टाटा कर्व्हच्या मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीसाठी तीन आकडे सांगितले गेले: जुन्या पद्धतीने ५८५ किलोमीटर, शहर आणि शहराबाहेरील असे दोन्ही भाग धरून ५०२, आणि शंभरांतील ७५ ग्राहकांना प्रत्यक्ष मिळू शकेल असा ४०० ते ४२५. हा तिसरा आकडा स्वतःहून सांगण्याची पद्धत अमेरिकेतील कंपन्यांनी उचलावी.

अमेरिकेच्या लेबलवर आणखी एक फसवा तपशील आहे. त्यावर १०० मैलांस किती युनिट लागतात हे छापलेले असते, पण त्यात चार्ज करताना वाया जाणारी वीजही धरलेली असते. २०२२ च्या शेव्हरोले बोल्टला १०० मैलांस २८ युनिट आणि पल्ला २५९ मैल. गुणाकार केला तर ७२.५ युनिट येतात, बॅटरी मात्र ६५ चीच. हा आकडा विजेच्या बिलाच्या अंदाजासाठी उपयोगी आहे. पल्ला काढण्यासाठी तो वापरू नये.

एडिसन ते बॉस्टन

आता हे सारे एका प्रवासाला लावून पाहू. न्यू जर्सीतील एडिसनहून बॉस्टन अडीचशे मैलांच्या आतबाहेर आहे. मोटारीच्या काचेवर ३०० मैल आहेत. महामार्गाचे १२.५ टक्के वजा केले की २६२ उरतात. चार्जर बंद असला किंवा त्यावर रांग असली तर पुढचा गाठता यावा म्हणून १० टक्के राखीव ठेवले, तर हाताशी २३५ मैल राहिले. म्हणजे मे महिन्यातसुद्धा विनाथांबा जाणे काठावरचेच. कनेक्टिकटमधील कोंडीने वेग उतरला तर कदाचित साधेल. जानेवारीत २६२ चे सुमारे २०० होतात आणि राखीव वजा जाता १८०. एक थांबा अटळ.

थांब्यानंतरचा टप्पा याहून आखूड असतो, हे नवख्या मालकाच्या ध्यानात येत नाही. जलद चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे वीज भरण्याचा वेग इतका मंदावतो की बहुतेक जण तिथेच सुटतात. आणि १० टक्क्यांच्या खाली जायचे नसते. म्हणजे बॅटरीचा ७० टक्केच भाग कामी येतो: हिवाळ्यातील २०० मैलांपैकी १४०. मिडवेस्टमध्ये किंवा कॅनडाच्या सीमेकडे चार्जर विरळ असतात, तिथे मोटार घेण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न हाच: माझ्या नेहमीच्या वाटेवर १४० मैलांच्या आत भरवशाचे चार्जर आहेत काय? ज्याचा घरी चार्जर आहे आणि रोजचे जाणे-येणे तीस-चाळीस मैलांचे आहे, त्याला २५० आणि ३२० मैलांच्या मोटारींत वर्षातील चार-दोन दिवस सोडले तर फरक जाणवणार नाही, आणि त्या फरकासाठी मोजावे लागणारे काही हजार डॉलर तो वाचवू शकतो. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला आठवड्याची वीज बाहेरूनच आणावी लागते. त्याने मोठी बॅटरी घ्यावी.

बॅटरी वयोमानाने झिजते, पण लोक समजतात तितकी नाही. वाहनांच्या नोंदी ठेवणाऱ्या जिओटॅब कंपनीच्या २०२४ च्या विश्लेषणात ही झीज वर्षाला सरासरी १.८ टक्के आढळली. बहुतेक उत्पादक आठ वर्षे किंवा एक लाख मैल यांपैकी जे आधी होईल तोवर ७० टक्के क्षमतेची हमी देतात. जुनी मोटार घेताना विक्रेता १०० टक्के चार्ज करून पडद्यावरचे मैल दाखवतो, त्यावर विसंबू नये. वर सांगितल्याप्रमाणे कित्येक मोटारींत तो आकडा आधीच्या मालकाच्या चालवण्याच्या सवयीचा असतो. चाचणीची फेरी थोडी लांब, वीस-तीस मैलांची घ्यावी, आधी आणि नंतरचे टक्के टिपावेत, पडद्यावर दिसणारा युनिटांचा खप त्यांच्याशी ताडून पाहावा. २० मैलांत ६ युनिट खर्च होऊन बॅटरी १० टक्के उतरली असेल, तर तीत एकूण ६० च्या आसपास युनिट मावतात. नवेपणी ७५ मावत असतील तर किंमत ठरवताना तेच बोलावे. लोहयुक्त, म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी असेल तर ही मोजणी ती नुकतीच पूर्ण भरलेली असताना करावी, कारण या बॅटरीचे टक्के मोटारीला मधल्या टप्प्यात नीट कळत नाहीत; म्हणूनच टेस्लासारखे उत्पादक ती आठवड्यातून एकदा १०० टक्क्यांपर्यंत भरावयास सांगतात.